शिफ्ट, लाईट आणि भिशी

वहिनी, भोंगा झाला, भाऊ गेले ना? मग या जरा कुंपणापाशी. प्रकाशाला जायचं काय झालं? केदारेश्वर काय परमुलखात आहे! तापी-गोमाईच्या संगमावर, आपल्याच शहादे तालुक्यात. पण मुहूर्त सापडेल तर शपथ.

भाऊंची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. पी. के. अण्णांच्या नावाचं हे पुरुषोत्तमनगर, इथं सगळ्यांचं घड्याळ कारखान्यावर. गाळप सुरू झालं की रविवार कसला नि काय! संध्याकाळ मोकळी ठेवणारी पहिली शिफ्ट 3 आठवड्यांनी फिरून येणार. आमच्या ह्यांची तऱ्हा वेगळी. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची असली की हे बॅटरी घेऊन पपईच्या वावरात. आणि आपली भिशी दर चौथ्या रविवारी. जायचं तर भिशीवाल्या सगळ्यांनी मिळूनच.

कोपऱ्यावरच्या काकूंनी बोटांवर मोजलं, “तीन दुणे सहा, सहा चोक चोवीस. चोवीस आठवड्यांनी जा!” माय वं, तोवर गाळप आटोपून ऊन डोक्यावर येईल!

आमची धाकटी म्हणाली, “काकू, लसावि काढा ना. चारात दोन आलेच, पुन्हा कशाला गुणता? तीन चोक बारा.” पोरगी बरोबर बोलली.

पण मी कॅलेंडर घेऊन बसले नि डोकंच फिरलं. मागच्या भिशीला लाईट रात्रीची होती. चार आठवड्यांनी पुन्हा भिशी, पुन्हा रात्रीचीच! ही जोडी एकदा चुकली की जन्मभर चुकली. पुस्तकातल्या घंटांचं बरं असतं, सगळ्या सकाळी सहाला एकदम वाजतात, मग गणित सुरू होतं. आपली गाठ मुळात पडलीच नाही, तर लसावि बिचारा काय करणार? भाऊंच्या शिफ्टचा घोर नाही. 3 आणि 4 ला सामाईक काही नाही, म्हणून ती कधी ना कधी भिशीला गाठतेच. खोड आहे ती लाईटची.

महावितरण आपल्यासाठी वेळ बदलणार नाही, कारखाना तर नाहीच. भिशीच एक आठवडा पुढं ढकलू. मग पुढच्या तीन भिशींत एक तरी नक्की जमते. काकूंना मात्र तुम्हीच सांगा हो, माझं त्या ऐकायच्या नाहीत.