ताशी २५ मिलिमीटर, हिशेब दे

ताशी २५ मिलिमीटर यास,

तुला ‘स. न. वि. वि.’ लिहायची माझी इच्छा नाही. मुंबईच्या जुन्या गटारांच्या आराखड्यात धरलेला पाऊस तो तू. इंग्रजी अमदानीत निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं धरून तुला कागदावर बसवलं, तेही समुद्राला ओहोटी असेल असं समजून. भरतीला जोराचा पाऊस पडायचाच नाही, असा आभाळाशी करार झाला होता का?

पुढे खाजणं बुजली, अंगणांत फरशी आली, रस्ते काँक्रीटचे झाले. तू खुर्ची सोडली नाहीस. मुंबईच्या पावसाळी गटारांवरच्या १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने तुझ्या जागी ताशी ५० सुचवले आणि पाणी मुरतच नाही असं धरायला सांगितलं. तरी तू टिकलास.

मग २६ जुलै २००५. सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, त्यातले एका तासात १९०. त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७३! एका पर्जन्यमापकावर अख्ख्या शहराची गटारं आखणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी मांडून पाहावेत.

तुझे पाठीराखे दिवसाच्या बेरजेमागे लपतात. दिवसभरात १२० मिलिमीटर पडला, म्हणजे ताशी सरासरी ५. पण त्यातला निम्मा एकाच तासात कोसळला, तर गटारात ६० उतरतात. गल्लीतल्या गटाराला दिवसभराची सरासरी कळत नाही. त्याच्या वाट्याचं पाणी अर्ध्या तासाच्या आत तोंडाशी येतं. म्हणून पाऊस किती पडला याबरोबर किती वेळात पडला आणि तेव्हा भरती होती का, हे धरूनच आराखडा हवा.

९४४ मिलिमीटर पोटात घेणारी गटारं कोणी मागत नाही. ५०चा आकडाही वर्षातून दोनदा ओलांडला जाईल हे धरूनच निवडलेला होता. आकडा निवडणं म्हणजे कोणाच्या घरात किती वेळा पाणी शिरू द्यायचं हे ठरवणं. तुझा गुन्हा तोच. हा निर्णय तू बंद दाराआड घेतलास, आणि ज्या तळमजल्यांवर माणसं गाद्या उचलत राहिली त्यांना विचारलं नाहीस.

वाचकहो, तुमच्या वॉर्डात नवं गटार मंजूर झालं की नगरसेवकाला आणि अभियंत्याला तीन गोष्टी लेखी मागा: ताशी किती पाऊस धरला, तो किती वर्षांतून एकदा ओलांडला जाईल, आणि ओलांडला की पाणी कुठे जाईल.