रबिंगचा डबा आणि चाळीस मायक्रॉन

स्टुटगार्ट

ती. बाबांस,


पार्सल पोचलं. भाजणी, कुळथाचं पीठ, मेतकूट, आईची मफलर, आणि या सगळ्यांच्या मधोमध बंडूकाकांनी वर्तमानपत्रात गुंडाळून कोंबलेला रबिंग कंपाउंडचा डबा. पाठोपाठ तुमचा फोन: "जावईबापूंना सांग, बाटल्यांचे चोचले पुरे, काकाचा डबा काढा, दोन तासांत गाडीचा आरसा होतो." यावर मी काही बोलायला लागले की तुम्ही फोन आईकडे देता आणि आई विचारते, थंडी आहे का. म्हणून लिहायला बसले आहे. वॉशिंग मशीन चालू आहे, तोवर निवांतपणा आहे.

वाद बाटल्यांच्या किमतीचा नाहीच. पॉलिश म्हणजे चमक लावणं, हे तुमचं आणि काकांचं गृहीतक मला मान्य नाही. घासायचं पॉलिश गाडीला काही देत नाही, घेतंच. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर. सगळे थर मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन, त्यातलं लॅकर बहुधा पस्तीस ते पन्नास. डोक्याचा केस याहून जाड असतो. लॅकरवर ओरखडा म्हणजे एक बारीक चर. तो बुजवता येत नाही. आजूबाजूचं लॅकर त्याच्या तळापर्यंत उतरवायचं, म्हणजे चर दिसेनासा होतो. उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारी द्रव्यंही याच लॅकरमध्ये असतात. तुम्ही सगळी नोकरी बँकेत काढलीत, तेव्हा तुमच्याच भाषेत सांगते: या खात्यातून फक्त पैसे काढता येतात, भरता येत नाहीत. काका दर दिवाळीला काढतात.

त्यामुळे माझं म्हणणं एवढंच, की काम भागेल असं सगळ्यात सौम्य पॉलिश निवडावं आणि ते भागत नाही असं डोळ्यांनी दिसल्यावरच पुढची पायरी चढावी. यावर तुमचा पहिला आक्षेप मला ऐकू येतोय: मग बाटलीवर नंबर कशाला छापतात, बघून घ्यायचा. बाबा, गंमत तिथेच आहे. सँडपेपरला युरोपात ठरलेलं माप आहे. पी ४०० म्हणजे कणाचा सरासरी आकार सुमारे ३५ मायक्रॉन, पी २००० म्हणजे सुमारे १०, मग कंपनी कुठलीही असो. पॉलिशला असं सर्वमान्य माप नाही. इथून जवळच्या मेन्झेर्ना कंपनीचं ४०० हे जोरकस घासणारं आणि ३८०० हे शेवटचा हात फिरवायचं, म्हणजे आकडा वाढला की पॉलिश सौम्य. सोनाक्सच्या 'परफेक्ट फिनिश'वर ०४-०६ असतं. तिथे पहिला आकडा घासण्याचा आणि दुसरा चमकेचा, म्हणजे पहिला आकडा वाढला की पॉलिश उग्र. दोन्ही जर्मन, दोन्ही शिस्तीचे, आणि एकमेकांच्या बरोबर उलटे. शिवाय मेन्झेर्नाचं ४०० म्हणजे पी ४०० नव्हे, नाहीतर त्या कागदाच्या एका कणाएवढंच आपलं अख्खं लॅकर!

बरं, एकाच कंपनीच्या बाटल्या घेतल्या तरी आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. तेच द्रव लोकरीच्या पॅडवर घेतलं तर वेगळं वागतं आणि मऊ फोमवर घेतलं तर अगदी शहाण्यासारखं. लॅकरही सगळ्यांचं सारखं नसतं. जर्मन गाड्यांचं सहसा कडक, कितीतरी जपानी गाड्यांचं मऊ. मर्सिडीजने तर २००३ च्या अखेरीला सूक्ष्म सिरॅमिक कण घातलेलं लॅकर आणलं, ओरखडे कमी पडावेत म्हणून. एकावर जे पॉलिश नुसतं सरकत राहतं, ते दुसऱ्याला बोचकारतं. म्हणून बॉनेटच्या कोपऱ्यात हात-दीड हात चौकोन चिकटपट्टीने आखायचा, सौम्य पॉलिश आणि मऊ पॅडने सुरुवात करायची, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टॉर्च मारायचा. हे पुसणं टाळायचं नाही, कारण कित्येक पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत बसून त्यांना झाकतं आणि दोन-तीन धुण्यांनंतर ओरखड्यांची सगळी वर्तुळं परत हजर. रंजूवहिनीने पाठवलेल्या व्हिडिओतली 'पुसा आणि चमकवा' बाटली या जातीची. वहिनीला हे माझं नाव न घेता सांगा.

वर्तुळांचंही एक आहे. टॉर्चभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल दिसतात, ते गोल नसतातच. ओरखडे वाटेल त्या दिशेला गेलेले असतात, पण उजेडाला आडवे पडलेले तेवढेच चमकतात. टॉर्च सरकवला की वर्तुळही सरकतं. काकांना संध्याकाळी पार्किंगमध्ये करून दाखवा, अर्धा तास शांतता मिळेल.

तुमचा दुसरा आक्षेप: सौम्यपासून चढत जाण्यापेक्षा एकदाच जोरकस मारून मोकळं व्हावं. पण मोकळं होता येत नाही. जोरकस पॉलिश स्वतःचा धुरकटपणा मागे ठेवतं, काळ्या गाडीवर तर हमखास, आणि तो घालवायला दुसरी बाटली लागतेच. ज्या पॉलिशचे कण घासताना फुटून बारीक होतात, त्यात मधेच हात थांबवला तर जाडे कण आपली सही ठोकून जातात. काकांच्या डब्याबद्दल माझी तक्रारही हीच. कण केवढा, फुटतो की नाही, डब्यावर अवाक्षर नाही. पितळी समईला मात्र तो उत्तम आहे, लख्ख निघाली. दादाचं म्हणणं, थेट सिरॅमिक कोटिंग करा. करू की, पण कोटिंग पारदर्शक असतं. खाली ओरखडे असले तर ते कोटिंगच्या आत जपून ठेवल्यासारखे दिसतील. आईचा प्रश्न सगळ्यात शहाणा: घासायचंच कशाला? ज्यात नख अडकतं तो चर मी तसाच ठेवायच्या मताची आहे, तो काढताना लॅकर संपायची भीती. बाकीचे घासावेत, पण घासण्यासाठी निमित्त शोधू नये.

आणि हो, ही कामं बाहेर का देत नाही, असंही तुम्ही विचारलंत. एका दुकानाने ८०० युरो सांगितले. गुणाकार करू नका, रक्तदाबाची गोळी आधी घ्या. घरी करावं तर पॉलिशआधी गाडी धुवायला हवी, नाहीतर पॅडखाली धूळ फिरते. इथे रस्त्यावर साबणाने गाडी धुता येत नाही. तेल-साबणाचं पाणी जमिनीत मुरायला नको, म्हणून कायदा. तो पटतो. म्हणून पैसे टाकून वॉशिंग बॉक्समध्ये जावं, तर तिथे पाटी: स्वतःची बादली आणायला मनाई. रविवारी तेही बंद. तुम्ही रविवारी सकाळी बनियनवर, फाटकाशी पाइप लावून, येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारत वॅगनआर धुता, टपावर पारिजातक सांडलेला असतो, आणि आई वरून ओरडते की टँकर यायचाय. या देशात त्या एका दृश्यावर किती दंड होईल याचा हिशेब मांडायला बसले आणि मांडता आला नाही. पारिजातक यंदा कसा आहे, ते कुणीच कळवलेलं नाही.

बेबीआत्याने गुडघ्याचं ऑपरेशन परत पुढे ढकललं, हे कळलं. तिला म्हणावं, मुहूर्त लग्नाला बघतात. सुलूमावशीच्या सुनेला ड्रायव्हिंग येतं याचं एवढं आश्चर्य कशाला? आणि रीडेव्हलपमेंटच्या कागदावर तुम्ही बिल्डरच्या चहाला भुलून सही करू नका. कार्पेट एरिया लेखी मागा, पार्किंग छताखालचं मागा, आणि फाटकाजवळचं झाड राहणार की जाणार, ते आधी विचारा. मशीन थांबलं. कपडे वाळत घालते.

तुमची,
मंजू