सापडलेल्या फोनची नीतिमीमांसा

बाजारात न आलेल्या वस्तूला नीतिशास्त्रात कोणते स्थान द्यावे, या प्रश्नाकडे प्राचीन आचार्यांनी दुर्लक्ष केले, याचे कारण त्यांच्या काळी वस्तू आधी तयार होत असे आणि तिची कीर्ती नंतर पसरत असे. एकविसाव्या शतकात हा क्रम उलटला. ‘प्रोटोटाइप’, म्हणजे घाऊक उत्पादनापूर्वी चाचणीसाठी मोजक्याच संख्येने बनवलेला आद्यनमुना, हा हातात धरता येत असूनही अधिकृतरीत्या अस्तित्वात नसतो. कंपनी त्याविषयी काही बोलत नाही, दुकानदाराला तो ठाऊक नसतो, मात्र त्याचे छायाचित्र प्रसिद्ध होताच तो तत्काळ अस्तित्वात येतो आणि त्याला मालक, वकील व पोलीस हे तिन्ही एकदमच प्राप्त होतात. या चमत्काराच्या अभ्यासासाठी २०१० साली कॅलिफोर्नियात घडलेल्या ‘आयफोन ४’ प्रकरणाइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही, कारण त्यात संबंधित प्रत्येकाने नीतीचा आधार घेतला आणि तो प्रत्येकाला पुरला.

कंपन्यांच्या गुप्ततेमागे केवळ नाट्यप्रेम असते असे समजणे अन्यायाचे होईल. ऑस्बर्न या अमेरिकी संगणक कंपनीने १९८३ साली पुढच्या, अधिक चांगल्या यंत्राची वाच्यता आधीच केली, तेव्हा विक्रेत्यांनी जुन्या यंत्राच्या मागण्या रद्द केल्या आणि त्याच वर्षी कंपनीचे दिवाळे निघाले. तिच्या पतनाला इतरही कारणे होती असे जाणकार सांगतात, परंतु उद्योगजगताने ‘ऑस्बर्न परिणाम’ हे नाव ठेवून घ्यायचा तो धडा घेतला. उद्याचा फोन आज दिसला तर आजचा फोन कोणी विकत घेत नाही, हा तो धडा. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मराठी माणसाला ज्ञात असलेले तत्त्व अशा रीतीने सिलिकॉन व्हॅलीलाही स्वतंत्रपणे उमगले, आणि ॲपलइतक्या निष्ठेने ते दुसऱ्या कोणीही आचरले नाही.

१८ मार्च २०१० च्या रात्री ही मूठ रेडवुड सिटीमधील गुर्मे हाउस श्टाउट या जर्मन बिअरच्या उपाहारगृहात उघडली. ॲपलचा एक तरुण अभियंता आपला सत्ताविसावा वाढदिवस साजरा करून निघाला आणि चाचणीसाठी जवळ बाळगलेला फोन तिथेच राहिला. फोनवर आधीच्या ‘३जीएस’ या मॉडेलसारखे दिसणारे आवरण चढवलेले होते, जेणेकरून चारचौघांत तो ओळखू येऊ नये. तो बारमध्ये विसरू नये यासाठी मात्र कोणतेही तंत्र विकसित झालेले नव्हते. फोन ज्या तरुणाच्या हाती लागला, त्याने तो परत करण्याचा प्रयत्न केला, असे पुढे छापून आलेल्या हकिगतीत म्हटले आहे. ॲपलला दूरध्वनी करण्यात आले, परंतु तिकडून कोणी दाद दिली नाही. ज्या गुप्ततेमुळे फोन अस्तित्वातच नव्हता, तिच्याचमुळे मदतकेंद्रातील कर्मचाऱ्याला तो हरवला आहे हेही ठाऊक असणे शक्य नव्हते, हे येथे लक्षात घ्यावे. फोन हरवलेला अभियंता त्या दिवसांत वारंवार उपाहारगृहात चौकशी करत होता आणि ज्याला फोन सापडला त्याचा दूरध्वनी तिथे कधीच आला नाही, असे मालकाने नंतर वार्ताहरांना सांगितले. वस्तू जिथे सापडली तिथेच विचारणे हा मार्ग बहुधा अतिपरिचयामुळे सुचला नसावा.

यानंतर वस्तूचे मूल्य ठरले. तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या ‘गिझमोडो’ने ५,००० डॉलर मोजून तो फोन घेतला, त्या वेळच्या विनिमय दराने ही रक्कम सुमारे सव्वादोन लाख रुपये भरते, त्यामुळे उघडलेल्या मुठीची किंमत झाकलेल्या मुठीहून लाखभराने जास्त असते असा दुरुस्त सिद्धांत मांडण्यास हरकत नाही. बातमीसाठी पैसे मोजण्याच्या या पद्धतीला इंग्रजी वृत्तव्यवसायात ‘चेकबुक पत्रकारिता’ म्हणतात आणि बहुतेक प्रतिष्ठित वृत्तपत्रे तिच्याकडे नाक मुरडून पाहतात; गिझमोडोची मालक संस्था असलेल्या गॉकर मीडियाच्या निक डेंटन यांनी मात्र आपण ती अभिमानाने करतो असे जाहीर सांगून नाक मुरडण्यातली गंमतच घालवली. याच संस्थेने जानेवारी २०१० मध्ये, अद्याप जाहीर न झालेल्या ॲपलच्या टॅब्लेटच्या अस्सल छायाचित्रांसाठी १०,००० डॉलर आणि तो तासभर हाताळायला मिळाल्यास १,००,००० डॉलर असे इनाम लावले होते व ॲपलच्या वकिलांची नोटीसही मिळवली होती. त्या दरपत्रकाच्या तुलनेत फोनचा सौदा फारच स्वस्तात पडला, आणि स्वस्त खरेदीत थोडासा सद्गुण असतोच.

१९ एप्रिलला फोन जगासमोर आला. पुढच्या बाजूचा कॅमेरा, सपाट पाठ, धातूची कड आणि आतील भागांवरील ॲपलच्या खुणा यांचे सचित्र वर्णन छापले गेले. त्याची काही छायाचित्रे ‘एनगॅजेट’ने दोन दिवस आधीच दिलेली होती. या कृतीचे समर्थन करताना ‘जनतेचा जाणून घेण्याचा हक्क’ हे सूत्र वापरण्यात आले, तेव्हा त्या सूत्राची थोडी तपासणी आवश्यक ठरते. १९७१ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने व्हिएतनाम युद्धाविषयीचे पेंटॅगॉनचे गोपनीय दस्तऐवज छापले, तेव्हा सरकारने आपल्याच नागरिकांना काय सांगितले नाही हे जनतेला समजले; गिझमोडोच्या वृत्तान्तावरून जनतेला फोनची पाठ सपाट आहे हे समजले. दोन्ही प्रसंगांत माहिती फुटली, दोन्हींत तिचा मालक रागावला, एवढे साम्य अनेकांना पुरेसे वाटले. जनतेचे हित आणि जनतेचे कुतूहल यांत फरक करणारे जुने संपादक या चर्चेत होते, नाही असे नाही. परंतु त्यांच्याकडे वाचकसंख्या मोजणारा तक्ता नव्हता.

खरे तर येथपर्यंतचा सगळा व्यवहार दोन व्यापारी संस्थांमधला होता आणि त्यात कोणाचेही फारसे बिघडत नव्हते. बिघडले ते पुढच्या लेखात, जिथे गिझमोडोने फोन विसरलेल्या अभियंत्याचे नाव आणि छायाचित्र प्रसिद्ध केले. त्या तरुणाने कोणताही गैरव्यवहार केला नव्हता, तो कोणत्याही सत्तेच्या पदावर नव्हता, आणि त्याच्या नावामुळे फोनच्या अस्सलपणात यत्किंचितही भर पडत नव्हती. तरीही वाढदिवशी केलेली चूक जगभरच्या वाचकांपुढे मांडण्यात आली आणि त्याच लेखात ॲपलने त्याला नोकरीवर ठेवावे, अशी सहृदय अपेक्षाही व्यक्त झाली. आधी जाहीर करून नंतर कणव दाखवण्याची ही रीत पत्रकारितेत अनोळखी नाही. गिझमोडोचे तत्कालीन संपादक ब्रायन लॅम यांनी ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स यांच्या निधनानंतर, ऑक्टोबर २०११ मध्ये, पुन्हा संधी मिळाली असती तर आपण त्या अभियंत्याचे नाव दिले नसते अशा आशयाचे लिहिले. या प्रकरणातील नीतिविषयक लेखनात एवढेच लेखन असे आहे की जे लिहिणाऱ्याच्या फायद्याचे नव्हते.

ॲपलची बाजू कमी रंजक नाही. जॉब्स यांनी गिझमोडोला स्वतः दूरध्वनी करून फोन परत मागितला, तेव्हा हा फोन आमचाच आहे असे लेखी द्या, अशी अट संपादकांनी घातली; कंपनीचे प्रमुख विधी अधिकारी ब्रूस स्यूएल यांनी तसे पत्र पाठवले, गिझमोडोने ते पत्रच छापले आणि फोन अस्सल असल्याचे प्रमाणपत्र अशा प्रकारे खुद्द उत्पादकाकडून विनामूल्य मिळवले. वस्तू परत गेली, तेव्हा प्रकरण संपायला हवे होते. परंतु २३ एप्रिलच्या रात्री ‘रिॲक्ट’ या संगणकविषयक गुन्ह्यांच्या पोलीस पथकाने फ्रीमाँट येथे गिझमोडोच्या एका संपादकाच्या घराचे दार तोडून त्याचे संगणक नेले. या पथकाला सल्ला देणाऱ्या सुकाणू समितीवरील कंपन्यांमध्ये ॲपलचेही नाव होते. दोन्हींचा परस्परांशी संबंध जोडणे अर्थातच अनुदारपणाचे होईल. कॅलिफोर्नियात ‘शील्ड लॉ’, म्हणजे पत्रकाराला आपले सूत्र उघड न करण्याचे आणि त्याच्या अप्रकाशित साहित्याला झडतीपासून दूर ठेवण्याचे संरक्षण देणारा कायदा आहे, त्यामुळे आता प्रश्न असा उभा राहिला की विकत घेतलेल्या फोनचे फोटो छापणारा मनुष्य पत्रकार असतो काय.

या प्रश्नाचे उत्तर तिथल्याच अपील न्यायालयाने २००६ साली दिले होते, आणि गंमत अशी की तो दावाही ॲपलनेच लावलेला होता. ‘ॲस्टरॉइड’ या सांकेतिक नावाच्या, संगीतवाद्य संगणकाला जोडणाऱ्या एका उपकरणाची माहिती इंटरनेटवर फुटली, तेव्हा ती कोणी फोडली हे कळावे म्हणून कंपनीने प्रकाशकांच्या सूत्रांचा माग काढायचा प्रयत्न केला. न्यायालयाने ती मागणी फेटाळली आणि इंटरनेटवर बातम्या देणाऱ्यांनाही सूत्रांचे संरक्षण मिळते, तसेच बातमी ‘खरी बातमी’ आहे की नाही हे ठरवणे न्यायालयाचे काम नव्हे, असा निर्वाळा दिला. ज्या उपकरणासाठी हा सारा खटाटोप झाला, ते बाजारात आलेच नाही. अस्तित्वात नसलेल्या वस्तूचे गुपित कायम अस्तित्वात राहते, हे तत्त्व वेदान्ताच्या अभ्यासकांनी तरी पारखून पाहावे.

एवढ्यावरून गळती कंपन्यांना नेहमीच अप्रिय असते असा निष्कर्ष काढला तर तो घाईचा ठरेल. ॲपलचे माजी विपणन अधिकारी जॉन मार्टेलारो यांनी जानेवारी २०१० मध्येच, म्हणजे फोन हरवण्यापूर्वी दोन महिने, कंपन्या स्वतःच निवडक पत्रकारांच्या कानावर माहिती कशी घालतात याचे वर्णन केले होते. ‘नियंत्रित गळती’ असे या प्रकाराचे नाव असून ती कागदावर न ठेवता तोंडी केली जाते, जेणेकरून पुढे कोणालाही हात झटकता यावेत. गूगलने तर २०१९ च्या जूनमध्ये, ‘पिक्सेल ४’ या फोनची चित्रे इतरांनी फोडल्यावर, ऑक्टोबरमध्ये येणाऱ्या त्या फोनच्या पाठीचे चित्र स्वतःच प्रसिद्ध करून टाकले आणि प्रश्नाचा निकाल लावला. तेव्हा नळ कोणाच्या हाताने उघडला यावरच पाणी वाया गेले की शिंपले गेले हे ठरते, आणि ‘चोरी’ व ‘प्रसिद्धी’ या दोन संज्ञांमधील सीमारेषा नीतिशास्त्रात नव्हे तर विपणन विभागात आखलेली सापडते.

या गुप्ततेची खरी किंमत कॅलिफोर्नियाच्या बाहेर मोजली गेली. जुलै २००९ मध्ये चीनमधील शेनझेन येथे, ॲपलसाठी फोन तयार करणाऱ्या फॉक्सकॉनच्या पंचवीस वर्षांच्या एका कर्मचाऱ्याकडे चाचणीचे सोळा आयफोन सोपवलेले होते. त्यांपैकी एक नाहीसा झाला, कंपनीच्या सुरक्षारक्षकांनी त्याची चौकशी केली, घराची झडती घेतली, त्या वेळी आपल्याला मारहाण झाल्याचे त्याने मित्रांना कळवले आणि त्यानंतर त्याने इमारतीवरून उडी घेऊन आत्महत्या केली. ॲपलने दुःख व्यक्त केले आणि पुरवठादारांनी कामगारांना सन्मानाने वागवावे अशी आपली अपेक्षा असल्याचे सांगितले. त्या सोळाव्या फोनविषयी जनतेच्या हक्काचा वाद झाला नाही. पुढच्या वर्षी प्रकाशन-नीतीवर शेकडो स्तंभ लिहिले गेले, त्यांपैकी फार थोड्यांना शेनझेन आठवले.

बाकीच्यांचे तसे बरे चालले. जॉब्स यांनी १ जून २०१० रोजी एका परिषदेत, हे प्रकरण सोडून द्या असा सल्ला आपल्याला मिळाला होता, परंतु तसे करण्यापेक्षा आपण पद सोडू, असे सांगितले. ७ जूनला सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी फोनचे अधिकृत अनावरण केले, तेव्हा हा आधीच पाहिला असेल तर थांबवा, असा विनोद करून टाळ्याही मिळवल्या. त्या कार्यक्रमाचे निमंत्रण गिझमोडोला नव्हते. बाजारात आल्यावर तीन दिवसांत १७ लाख फोन विकले गेले, त्यामुळे गळतीने विक्री बुडते हा ऑस्बर्नप्रणीत सिद्धांत निदान या एका नमुन्यापुरता कोरडा राहिला. फोन विशिष्ट प्रकारे धरला की त्याचे सिग्नल मंदावतात, अशी तक्रार मात्र आली, आणि चाचणीच्या काळात तो सतत आवरणात लपवलेला असल्यामुळे हा दोष लक्षात आला नसावा, असा तर्क काही निरीक्षकांनी केला. १६ जुलैच्या पत्रकार परिषदेत कंपनीने ग्राहकांना फोनवर चढवण्यासाठी आवरणे विनामूल्य देण्याचे जाहीर केले, म्हणजे फोन ज्या स्थितीत बारमध्ये सापडला होता जवळपास त्याच स्थितीत तो सर्वांना देण्यात आला.

न्यायदान २०११ मध्ये झाले. सॅन मातेओ काउंटीच्या सरकारी वकिलांनी गिझमोडोच्या कोणावरही आरोप ठेवले नाहीत. जप्त केलेल्या पत्रव्यवहाराचे वर्णन त्यांनी पंधरा वर्षांच्या मुलांचे बोलणे असे केले, परंतु पोरकटपणा हा गुन्हा नसल्याने प्रश्न तेथेच संपला. फोन विकण्यात सामील असलेल्या दोन तरुणांना मात्र सापडलेली वस्तू बळकावल्याबद्दल एक वर्षाची परिवीक्षा, म्हणजे वर्तनावर देखरेख, ४० तास समाजसेवा आणि ॲपलला प्रत्येकी २५० डॉलरची भरपाई अशी शिक्षा झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी असे येथे म्हणता येत नाही, कारण संन्यासी कोणीच नव्हते. शिक्षा त्यांनाच झाली ज्यांच्यापाशी विधी विभाग नव्हता, एवढेच नोंदवता येते. जगातील सर्वात श्रीमंत कंपन्यांपैकी एकीने त्या ५०० डॉलरांचे काय केले, याचा उल्लेख तिच्या ताळेबंदात शोधणे व्यर्थ आहे.

त्याच वर्षी जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कावा २२ या टकीलाच्या बारमध्ये ॲपलचा आणखी एक अप्रकाशित फोन हरवल्याचे वृत्त आले. या वेळी कंपनीचे दोन सुरक्षा कर्मचारी चार साध्या वेशातील पोलिसांसह बर्नल हाइट्स भागातील एका घरी गेले, पोलीस बाहेर थांबले आणि झडती खासगी कर्मचाऱ्यांनी घेतली. आपल्याकडे अशा भेटीची नोंद नाही, असे शहर पोलिसांनी आधी सांगितले आणि मग ती झाल्याचे मान्य केले. फोन त्या घरात सापडला नाही, छायाचित्रे छापली गेली नाहीत, त्यामुळे प्रकाशनाच्या नीतीचा प्रश्न उद्भवला नाही, आणि त्याच सुमारास ॲपलने नव्या उत्पादनांच्या सुरक्षेसाठी व्यवस्थापक नेमणे असल्याची जाहिरात दिली.