सदराला डिसेंबर हवा

‘खंड पडू देऊ नका’ हा नियमित लिहिणाऱ्याला मिळणारा सर्वांत लोकप्रिय सल्ला आहे आणि सर्वांत घातकही. कार्यशाळेत तो मिळतो, प्रेरणादायी भाषणात मिळतो, यूट्यूबवर तर फुकट मिळतो. सुचत नसेल तरी लिहा, अंगात ताप असेल तरी लिहा, रोज काहीतरी टाका, नाहीतर लोक विसरतील. असा सल्ला देणाऱ्याला एकच विचारावं: ठरलेल्या वारी, ठरलेल्या शब्दांत, सलग तीन-चार वर्षं तुम्ही स्वतः लिहिलं आहे का? ज्यांनी लिहिलं आहे ते इतक्या सहज असं बोलत नाहीत.

थकला की लेखक गप्प होतो, ही समजूत चुकीची आहे. थकलेला सदरलेखक लिहीतच राहतो. मजकूर वेळेवर जातो, पान लागतं, रविवारी पुरवणीत फोटोसकट छापून येतं. उपसंपादकाची तक्रार नसते, वाचकाचीही नसते. म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली ‘बर्नआउट’ या अवस्थेवर लिहिलं, ते न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या कार्यकर्त्यांना पाहून. कामचुकार माणसं तिथे नव्हतीच. जी सर्वांत मनापासून आली होती तीच आधी विझत होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या अवस्थेची व्याख्या केली. ती आजार म्हणून केली नाही, कामाच्या जागी उद्भवणारी अवस्था म्हणून केली. तिच्या तीन खुणा दिल्या आहेत. अंगातली शक्ती संपते. कामापासून मन तुटतं आणि त्याविषयी तुच्छता वाटू लागते. आणि आपल्या हातून काही नीट होत नाही, असं वाटत राहतं.

मधली खूण पुन्हा वाचा. तुच्छता. बँकेतला कर्मचारी तुच्छतेने बोलू लागला की खातेदार लगेच तक्रार करतो. शिक्षक तसा वागला की पालक शाळेत येतात. तिरकस सदर लिहिणाऱ्याच्या बाबतीत मात्र ती शैली समजली जाते. लोक टाळ्या वाजवतात. ‘काय धुतलाय!’ असे निरोप येतात. जिथे थकव्याचं लक्षण हेच कौशल्य म्हणून मिरवतं, असा हा एक विचित्र व्यवसाय आहे, आणि म्हणून त्यातल्या माणसाला वेळेवर सावध करणारं कोणी भेटत नाही.

हे कसं होतं ते पाहा. पहिल्या वर्षी खड्ड्यांवर लिहिणारा माणूस महापालिकेची निविदा मागवून वाचतो. ठेकेदार कोण, दोषदायित्वाची मुदत किती, रस्ता त्या मुदतीत उखडला की दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, हे विचारून घेतो. त्याचा टोला बसतो, कारण तो नेमक्या जागी बसतो. दुसऱ्या वर्षी तो निविदा वाचत नाही, बातमी वाचतो. तिसऱ्या वर्षी बातमीचा मथळा पुरतो. चौथ्या वर्षी त्याला मथळाही लागत नाही. ‘या शहराचं काही होणार नाही’ एवढं एकच वाक्य तो दर आठवड्याला आठशे शब्दांत लिहितो. ते वाचून ठेकेदाराला काय वाटत असेल? सुटल्यासारखं वाटत असेल. सगळेच चोर असं म्हणणारा लेखक कोणत्याही एका चोराला अडचणीचा नसतो.

म्हणून नियमित लेखकाच्या थकव्याची चिंता ही त्याच्या एकट्याची खासगी बाब नाही. टोला मारणारा थकला की ज्याला टोला बसायला हवा तो निर्धास्त होतो.

ठरलेल्या वारी लिहिण्याचा त्रास जुना आहे. सॅम्युएल जॉन्सनने लंडनमध्ये मार्च १७५० पासून ‘द रॅम्बलर’ काढलं. दर मंगळवारी आणि शनिवारी एक निबंध. दोन वर्षांत २०८ अंक झाले आणि मोजके चार-पाच सोडले तर सगळे त्याने एकट्याने लिहिले. त्याच काळात तो इंग्रजीचा शब्दकोशही रचत होता, जो पुढे १७५५ साली छापून झाला. मार्च १७५२ मध्ये त्याने रॅम्बलर बंद केलं. गुपचूप नाही. शेवटच्या अंकात वाचकांचा रीतसर निरोप घेतला, आणि ठरल्या दिवशी लिहायला बसणाऱ्याचं मन व शरीर त्या दिवशी साथ देईलच असं नाही, हेही त्यात सांगून टाकलं. इतका मोठा विद्वान हे सांगताना संकोचला नाही. आपण का संकोचावं?

थांबल्याने जॉन्सन संपला का? सहा वर्षांनी, १७५८ साली, तो पुन्हा नियमित लिहू लागला. या वेळी आठवड्यातून एकदाच. ‘द आयडलर’ हे त्या निबंधांचं नाव. लेख आखूड, सूर हलका, शंभराच्या वर निबंध, आणि त्यातले काही मित्रांकडून लिहून घेतलेले. दोन वर्षं झाली आणि तेही त्याने संपवलं. आठवड्याला दोनाचा एक लेख करणं, लांबी कमी करणं, अधूनमधून दुसऱ्याला जागा देणं: तगून राहण्याचे उपाय एवढेच आहेत आणि ते पावणेतीनशे वर्षांपूर्वी एका माणसाने करून दाखवले आहेत. यासाठी कोणाचं पाच हजारांचं शिबिर करायला नको.

हा जॉन्सन मराठीला परका नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्याच्या ‘रासेलस’चं भाषांतर हाती घेतलं आणि ते विष्णुशास्त्र्यांनी पुरं केलं. विष्णुशास्त्र्यांनी ‘निबंधमाले’त त्याच्यावर दीर्घ निबंधही लिहिला. आणि मग त्यांनी स्वतः काय केलं? १८७४ साली सुरू झालेल्या या मासिकाचे ८४ अंक निघाले आणि त्यातला जवळजवळ सगळा मजकूर त्यांचा एकट्याचा. आधी सरकारी शाळेतली नोकरी, रत्नागिरीची बदली, मग राजीनामा. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’, शिवाय छापखाना. मार्च १८८२ मध्ये ते गेले तेव्हा वय ३१ होतं. त्यांच्या मृत्यूचं खापर लेखनावर फोडू नये, तसा आधार नाही. निबंधमालेत लोकहितवादींवर आणि जोतीराव फुल्यांवर त्यांनी जी टीका केली ती मला आज वाचवत नाही, पण ती त्यांच्या मतांतून आली होती, थकव्यातून नव्हे. तो दोष वेगळा आणि मोठा.

तरी एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. दर अंकाला नवा विषय शोधलाच पाहिजे, हे बंधन त्यांनी घालून घेतलं नाही. विषय मोठा असला तर निबंध पुढच्या अंकात जाई, तिथूनही पुढे जाई. आजच्या सदरलेखकाला दर आठवड्याला नवा विषय हवा असतो आणि तोही ताजा, म्हणजे शुक्रवारी गाजलेला. ही सक्ती कोणी घातली? वाचकाने तर नाही. पाणीपट्टीच्या हिशेबावर चार आठवडे सलग लिहून पाहा. पहिल्या आठवड्यात तुम्हाला विषय शोधावा लागेल. दुसऱ्या आठवड्यापासून वाचक आपापली बिलं घेऊन येतील आणि विषय तुम्हाला शोधत येईल.

विहिरीचा उपसा झऱ्यापेक्षा जास्त झाला की गाळच वर येतो. लिहिणाऱ्याचा झरा कोणता, हे ज्याने त्याने ओळखावं. जयवंत दळवींचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ या नावाने त्यांनी वर्षानुवर्षं मराठी लेखकांच्या टोप्या उडवल्या. पोटासाठी अमेरिकन माहिती खात्याच्या मुंबईतल्या कचेरीत नोकरी होती आणि टेबलावर ‘चक्र’सारखी कादंबरी होती, पुढे ‘संध्याछाया’ आणि ‘बॅरिस्टर’सारखी नाटकं होती. ठणठणपाळ कधी विखारी झाला नाही. ज्यांची टोपी उडाली तेही पुढच्या अंकाची वाट पाहत. माझ्या मते याचं एक कारण हे की दळवींचा सगळा जीव त्या एका सदरात अडकलेला नव्हता. झोपडपट्टीतल्या माणसांचं दुःख त्यांनी कादंबरीत मांडलं, म्हाताऱ्या आईवडिलांचं एकटेपण नाटकात मांडलं. मनातलं सगळं कडू त्यांना ठणठणपाळाच्या वाटीत ओतावं लागलं नाही. दुसरं कारण साधं आहे: ‘ललित’ महिन्यातून एकदा निघे.

वेळेवर थांबण्याचं उदाहरणही मराठीत आहे. लोकहितवादींनी ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १८४८ पासून दोनेक वर्षांत १०८ पत्रं लिहिली, सरकारी नोकरी सांभाळून. मग पत्रं थांबली, लेखन थांबलं नाही. पुढची कित्येक वर्षं ते इतिहासावर आणि समाजावर लिहीत राहिले.

आता कटू भाग. लेखकाच्या थकव्याची सगळी जबाबदारी लेखकाच्याच गळ्यात घालण्याची एक चलाखी हल्ली बोकाळली आहे. पहाटे उठा, ध्यान करा, कृतज्ञतेची वही लिहा. क्रिस्टिना मास्लॅक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी या विषयाचा आयुष्यभर अभ्यास केला. कामाचा भार, कामावरचा ताबा, मोबदला, सोबतीची माणसं, न्याय आणि मूल्यं, या सहा ठिकाणी माणूस आणि त्याचं काम यांचं बिनसलं की तो विझतो, असं त्यांनी मांडलं. या सहापैकी पहाटे उठून सुटणारी एक तरी गोष्ट आहे का?

मोबदल्याचंच घ्या. जॉन्सनला रॅम्बलरच्या दर अंकाचे दोन गिनी मिळत, अंकाचा खप पाचशेच्या आतबाहेर असूनही. मराठीत आज कितीतरी सदरं ‘तुमचं नाव होईल’ एवढ्या बोलीवर लिहून घेतली जातात. कागदाचे पैसे द्यायचे, छपाईचे द्यायचे, टेम्पोवाल्याचे द्यायचे, आणि ज्याच्या मजकुरासाठी कागद घेतला त्याला नाव द्यायचं. नाव वाण्याकडे चालत नाही. ज्या संपादकाला मानधन परवडत नाही त्याने सदरांची संख्या कमी करावी. चार फुकट सदरांपेक्षा पैसे देऊन घेतलेली दोन केव्हाही चांगली निघतात.

सोबतीचंही तसंच. एखाद्या पुढाऱ्यावर टोला लगावला की रात्रभर लेखकाच्या फोनवर शिव्या येतात. बाई लिहीत असेल तर काय काय येतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अशा वेळी कार्यालयातून एक फोन यायला हवा: ‘आम्ही तुमच्या मागे आहोत, पुढचा लेख तुम्हाला हवा तसाच लिहा.’ या फोनला काही खर्च येत नाही. तो न आल्यामुळे लिहिणं सोडलेली माणसं मला माहीत आहेत, आणि ती लेखणीने कच्ची नव्हती.

या सगळ्यावर मराठी वृत्तपत्रांनी एक उत्तम तोडगा फार पूर्वीच काढला आहे आणि त्याचं पुरेसं कौतुक होत नाही. जानेवारीत सुरू होऊन डिसेंबरात संपणारं वार्षिक सदर. फार तर ५२ लेख, मग निरोप. लेखकाला पहिल्याच दिवशी शेवट माहीत असतो, त्यामुळे तो विषय पुरवून वापरतो, सर्वांत जड विषय सप्टेंबरपर्यंत राखून ठेवतो, आणि दमला तरी समोर काठ दिसत असतो. वाचकाला दर वर्षी नवा आवाज मिळतो. पुढे तेच लेखक तीन-चार वर्षांनी नवा साठा घेऊन परत येतात आणि तेव्हा ते अधिक चांगलं लिहितात. ही पद्धत अभ्यासाच्या सदरांना लावतात, तिरकस सदरांना मात्र नाही. ती वर्षानुवर्षं चालू ठेवतात, कारण ती वाचली जातात. नेमकी तीच लवकर आंबतात. तिरकस सदराला डिसेंबरची गरज सर्वांत जास्त आहे.

नव्या वर्षाच्या सदरांसाठी फोन दिवाळीनंतर सुरू होतात. तुम्हाला असा फोन आला तर आनंदाने घ्या, कारण आठवड्याला हजारो माणसांशी बोलण्याची संधी थोड्यांनाच मिळते. फक्त हो म्हणण्याआधी तीन गोष्टी विचारा. सदर कोणत्या तारखेला संपणार? मानधन किती? आणि मध्ये महिनाभर सुट्टी घेतली तर ‘लेखक रजेवर आहेत’ अशी चौकट छापणार का? तिन्ही उत्तरं मिळाली तर जीव ओतून लिहा. एकही मिळालं नाही तर नम्रपणे नाही म्हणा आणि त्या वेळात वाचन करा.