यादी गोपनीय, पासवर्ड सार्वजनिक

व्यक्तीची गोपनीयता, समाजाची सुरक्षितता आणि सार्वजनिक हित या तिहींचा तोल कसा सांभाळावा, याविषयी भारतीय न्यायालयांनी गेल्या काही वर्षांत विपुल चिंतन केले असले, तरी त्या चिंतनाची प्रात्यक्षिके पाहण्यासाठी अभ्यासकाने दिल्ली गाठण्याचे कारण नाही. जालना जिल्ह्यातील अंबड आणि घनसावंगी हे दोन तालुके त्यासाठी पुरेसे आहेत.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला आणि त्या हक्काला हात घालण्यापूर्वी सरकारने कोणत्या कसोट्यांना उतरावे, हेही सांगून ठेवले. कृतीला कायद्याचा आधार हवा, हेतू वैध हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. या शेवटच्या कसोटीला कायद्याच्या भाषेत ‘प्रमाणबद्धता’ म्हणतात, म्हणजे साध्या मराठीत जेवढ्यास तेवढे. जालन्याच्या मोंढ्यात शेतकरी आणि आडत्या यांच्यामध्ये मापाडी उभा असतो आणि त्याने काट्यावर हात ठेवू नये एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. घटनापीठाने न्यायालये आणि नियामक संस्था यांच्याकडून याहून फारसे वेगळे काही मागितले नव्हते. अडचण इतकीच की, बहुतेक वेळा मापाडी काट्यापाशी पोहोचण्याआधी सौदा उरकलेला असतो.

उदाहरणार्थ, इंटरनेटबंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, ते प्रमाणबद्ध असले पाहिजेत आणि अमर्याद काळासाठी असता कामा नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात बजावले. पुढे २६ फेब्रुवारी २०२४ रोजी मराठा आरक्षण आंदोलनाच्या धामधुमीत अंबड तालुक्यात संचारबंदी लागू झाली, तीर्थपुरीत एसटीची बस जाळली गेली आणि जालन्यासह शेजारच्या जिल्ह्यांतील इंटरनेट काही तासांसाठी बंद ठेवण्यात आले. त्या वेळच्या नियमांनुसार अशा बंदीची गरज तपासणारी आढावा समिती आदेशानंतर पाच कामकाजी दिवसांत बसायची होती, म्हणजे संध्याकाळपर्यंत संपणाऱ्या बंदीचा निवाडा त्या आठवड्यात कधीतरी होण्याची सोय नियमांतच होती. त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला, या आंदोलनाचे केंद्र असलेल्या अंतरवाली सराटीवर रात्री अनोळखी ड्रोन घिरट्या घालत असल्याची तक्रार विधानसभेपर्यंत पोहोचली. गावकऱ्यांना जमिनीवरून एकमेकांशी संपर्क साधता येऊ नये आणि आकाशातून मात्र ते सर्वांना स्पष्ट दिसावेत, अशी ही विभागणी कोणी ठरवून केली नसेलही. पण त्यांच्या नशिबात ती आली खरी.

तथापि विषयाचे खरे मर्म अनुदानात आहे. अतिवृष्टी आणि गारपिटीने पिके गेली की शासन शेतकऱ्यांना मदत देते, आणि त्या मदतीचा प्रवास ठरलेला असतो: तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करतात, याद्या संगणकावर चढतात, तहसीलदारांच्या लॉगिनमधून त्यांना मान्यता मिळते, प्रत्येक लाभार्थ्याला एक विशिष्ट क्रमांक, अर्थात गावच्या बोलीत ‘व्हीके नंबर’, मिळतो आणि तो कागदावर लिहून घेऊन शेतकरी सेवा केंद्रात जातो, अंगठा टेकवतो, ई-केवायसी करतो. नांगर धरून झिजलेला अंगठा यंत्राला उमटत नाही, तेव्हा तो पुसून पुन्हा टेकवावा लागतो, आणि तरीही उमटला नाही तर त्या माणसाच्या अस्तित्वाविषयी शासनाला रास्त शंका वाटते.

ही शंका सर्वांच्याच बाबतीत वाटली असती तर बरे झाले असते. २०२२ ते २०२४ या काळातील अनुदानवाटपाच्या चौकशीत अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत ज्यांच्या नावावर जमीनच नाही असे शेतकरी, एकाच नावाला दोनदा दिलेली मदत आणि वाढवून दाखवलेले क्षेत्र, असे कोट्यवधी रुपयांचे पीक आढळल्याचे प्रशासनाने सांगितले. महसूल कर्मचारी निलंबित झाले आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये अंबड पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. आरोप सिद्ध व्हायचे ते न्यायालयात होतील. तोवर अभ्यासकाने एका तपशिलाकडे लक्ष द्यावे, तो असा की, तहसीलदारांचे लॉगिन आणि पासवर्ड दुसऱ्यांच्याच हाती होते, असा या प्रकरणातला मुख्य आरोप आहे. सबंध व्यवस्थेत जी एकच गोष्ट काटेकोरपणे गुप्त राहायला हवी होती, ती या आरोपानुसार कचेरीभर फिरत होती, आणि जी यादी चावडीवर वाचली गेली असती तर भूमिहीन बागायतदार पहिल्याच वाचनात पकडला गेला असता, ती मात्र संगणकात सुरक्षित होती.

आता कायद्याने या दुसऱ्या सुरक्षिततेला बळकटी दिली आहे. माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ) मुळात असे होते की, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली वैयक्तिक माहिती नाकारता येईल, परंतु व्यापक सार्वजनिक हित असल्यास ती द्यावी लागेल आणि जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती सामान्य माणसालाही नाकारता येणार नाही. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा, २०२३ याच्या कलम ४४(३) ने हे सारे पुसून ‘वैयक्तिक माहिती’ एवढाच अपवाद शिल्लक ठेवला. कलम ८(२) मध्ये सार्वजनिक हिताची तरतूद अजून आहेच, हे सरकारचे उत्तर चुकीचे नाही; मात्र दहा रुपयांचे तिकीट लावून आलेल्या अर्जावर ‘माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही’ हे वाक्य लिहायला जन माहिती अधिकाऱ्याला अर्धा मिनिट लागतो आणि कलम ८(२) चा विचार करायला त्याला बदलीची भीती बाजूला ठेवावी लागते.

अंमलबजावणीचा क्रमही अभ्यासण्याजोगा आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात या विदा संरक्षण कायद्याचे नियम प्रसिद्ध झाले तेव्हा माहिती अधिकाराला कात्री लावणारे कलम तत्काळ लागू झाले, तर नागरिकाला स्वतःच्या माहितीवर हक्क देणारी कलमे अठरा महिन्यांनी लागू होतील असे ठरले. कंपनीकडून माहिती फुटली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो भारताच्या संचित निधीत जमा होणार. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून छदामही नाही. उलट त्यानेच खोटी वा क्षुल्लक तक्रार केली असे ठरले तर त्याला दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. अनुदान देण्यासाठी शेतकऱ्याची माहिती हाताळताना शासनाला काही अटींवर त्याची संमती लागत नाही, आणि हवी ती सरकारी यंत्रणा कायद्यातून वगळण्याचा अधिकार केंद्राकडे आहे. हा सगळा व्यवहार पाहणाऱ्या मंडळाचे सदस्यही केंद्रच नेमते. मापाडी आडत्याच्याच पगारावर असेल तर मोंढ्यात आरडाओरड होते. येथे त्याला नियामक रचना म्हणतात.

न्यायालयाने स्वतःवर हा काटा लावून पाहिला नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. सरन्यायाधीशांचे कार्यालय माहिती अधिकाराखाली येते की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्याच माहिती अधिकाऱ्याने अपील म्हणून सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि १३ नोव्हेंबर २०१९ रोजी घटनापीठाने ते येते असा निकाल आपल्याच माहिती अधिकाऱ्याविरुद्ध दिला. पण त्या निकालानंतरही न्यायमूर्तींच्या मालमत्तेचे तपशील संकेतस्थळावर पुन्हा यायला २०२५ चा मे महिना उजाडला.

इतक्या कपातीनंतरही माहिती अधिकार कायद्याचे कलम ४(१)(ख)(बारा) शाबूत आहे, ज्यानुसार अनुदानाच्या कार्यक्रमांत किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे प्रत्येक कार्यालयाने कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करायचे आहे. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. अंबड आणि घनसावंगीच्या वाचकांनी पुढच्या सभेत या कलमाचा क्रमांक कागदावर लिहून न्यावा आणि मदतीची यादी, नाव, गट क्रमांक आणि रकमेसह, मोठ्याने वाचून दाखवण्याची मागणी ठरावात नोंदवून घ्यावी.