गाडी पाहून देणारे भाऊ

नागपुरात जुनी छोटी पिकअप घ्यायचं ज्याच्या मनात येतं, तो पैशाची जुळवाजुळव करण्याआधी भाऊंना फोन लावतो. भाऊ मेकॅनिक नाहीत. दलाल म्हटलेलं त्यांना चालत नाही. स्वतःच्या नावावर चारचाकी त्यांच्याकडे कधीच नव्हती. फिरतात ते जुन्या स्प्लेंडरवर, आणि तिचा डावा इंडिकेटर तेवढा लागतो म्हणून शक्यतो डावीकडेच वळतात. तरीही वाडीपासून पारडीपर्यंत आणि कळमन्यापासून कामठी रोडपर्यंत भाऊंनी मान हलवल्याशिवाय कोणी बयाणा देत नाही.

हे कोणा एका माणसाचं वर्णन नव्हे. असे भाऊ नंदनवनात आहेत, हिंगण्यात आहेत, सक्करदऱ्याला तर दोन आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, शर्टाच्या खिशात टॉर्च, पँटच्या खिशात बंदीला न जुमानणारी खर्र्याची पन्नी. पूर्वी कोणी ट्रान्सपोर्टमध्ये मुनीम होता, कोणी स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर, तर कोणी फायनान्स कंपनीच्या वसुलीला. या तिसऱ्या जातीचे भाऊ सगळ्यांत भारी. कोणती गाडी कोणाच्या अंगणातून कोणत्या रात्री ओढून आणली, हे त्यांना तोंडपाठ असतं.

भाऊंच्या लेखी इतिहास २००५ साली सुरू होतो. त्या वर्षी मे महिन्यात टाटा एस बाजारात आली. त्याआधी थोडा माल न्यायचा तर तीनचाकीत कोंबा, नाहीतर अर्धी रिकामी का होईना, टाटाची ४०७ भाड्यानं करा, एवढंच होतं. एसमध्ये इंडिकाचं चार सिलिंडरचं इंजिन निम्मं करून बनवलेलं ७०२ सीसीचं दोन सिलिंडरी डिझेल इंजिन, ताकद सोळा अश्वशक्ती, कागदावरचा भार ७५० किलो. लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटलं. सोळा घोड्यांनी ओढलेला हा हत्ती आपल्या डोळ्यांसमोर नागपुरात शिरला, असं भाऊ सांगतात. आराखड्याच्या वेळी कंपनीची माणसं तीनचाकीवाल्यांना भेटली तेव्हा, ‘चारचाकी असली तर सोयरीक चांगली जमेल,’ असं एकानं सांगितलं म्हणे. व्यवस्थापनाच्या वर्गात हा किस्सा ग्राहकाचं मन ओळखण्याचा नमुना म्हणून सांगतात. भाऊंना त्यात नवल वाटत नाही. गाडी घ्यायला आलेल्या पोराला ते पहिला प्रश्न ‘लग्न झालं का?’ असाच विचारतात आणि त्यावर बजेट ठरवतात.

नंतर बाजारात गर्दी झाली. २०११ मध्ये अशोक लेलँडची दोस्त आली, २०१५ मध्ये महिंद्राची जितो, २०१६ मध्ये मारुतीची सुपर कॅरी. बोलेरो पिकअप तर होतीच. भाऊंची सगळ्यांशी ओळख आहे, पण एखाद्या कंपनीची बाजू घेताना ते सापडत नाहीत. ‘कंपनी कोनती हे मले नको सांगू, माल कोनता नेनार ते सांग,’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. केटररला भांडी आणि गॅसच्या टाक्या न्यायच्या असतील तर छोटा हत्ती पुरतो. काटोलहून संत्र्याचे क्रेट भरून कळमना गाठायचं असेल तर दोस्त किंवा बोलेरो बघ, उगाच हत्तीचे पाय मोडू नको. एवढा सल्ला फुकट असतो. पुढच्यासाठी सकाळी सातला यायला लागतं.

सातच का, तर इंजिन थंड सापडावं म्हणून. भाऊ यार्डात शिरल्यावर गाडीकडे पाहत नाहीत. मालकाशी हवापाण्याच्या गप्पा मारतात, मग सहज दार उघडून सीट उचलतात, कारण छोट्या हत्तीचं इंजिन सीटखाली असतं, आणि तळहात टेकवतात. ते कोमट लागलं तर संपलं. ‘काऊन शेठ, सकाळी सकाळी कोनाची वरात काढली होती हिच्यात?’ गाडी दाखवण्याआधी तापवून ठेवली म्हणजे थंड असताना ती पटकन उठत नाही किंवा उठताना धूर ओकते, हे लपवायचं असतं. शेठ म्हणतो, पोरगा दूध आणायला घेऊन गेला होता. भाऊ म्हणतात, बरं, मग उद्या येतो, उद्या दूध आणू नका.

इंजिन सुरू झालं की ते ऑइलचं झाकण काढून तोंडाशी हात धरतात. आतून फुसफुसत हवा येत असेल तर ‘बॅक मारते’ असा शेरा मिळतो. पिस्टन-रिंगा झिजल्या, काम निघणार. धुराचं शास्त्र त्यांनी पोराला जाता जाता शिकवलेलं असतं: काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, निळा म्हणजे ऑइल खाते, पांढरा गरम झाल्यावरही थांबला नाही तर पाणी पीत असेल. नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे पाणी पिणारी गाडी मे महिन्यात फ्लायओव्हरच्या मध्यावर उभी राहते आणि मागच्या शंभर लोकांना मालकाच्या खानदानाची आठवण होते. म्हणून भाऊंचा जीव सगळ्यात जास्त रेडिएटर आणि पंख्याच्या पट्ट्यात अडकलेला.

मीटरवर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नाही. मीटर ४२ हजार सांगतो आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं, स्टिअरिंगचा काळा रंग ड्रायव्हरच्या तळहातांनी नेलेला. ‘मीटर मागं जाते राजा, रबर मागं जात नाई.’ मग टायर. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ३२१९ लिहिलेलं असलं तर ते टायर २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलं. चार टायरांवर चार वेगळ्या सालांचे आकडे निघाले की भाऊ ते मोठ्यानं वाचतात, म्हणजे यार्डातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जावं.

यानंतर भाऊ गाडीखाली जातात, आणि खरा निकाल तिथेच लागतो. मागचे पाटे मोजायचे. कंपनीनं दिले त्याहून एक पाटा जास्त बसवलेला दिसला तर तो मालकाचा सही-शिक्क्याचा कबुलीजबाब: साडेसातशे किलोच्या गाडीत दीड टन टाकत होतो. चासीला कुठे वेल्डिंगचा टाका आहे का, हौद्याचा पत्रा कुठे बसलाय, फाळका एका बाजूनं लोंबतोय का. शर्टाला ग्रीस लावून भाऊ बाहेर येतात आणि ज्या प्रश्नासाठी लोक त्यांना नेतात तो प्रश्न विचारतात.

‘पहिल्या मालकाचा धंदा काय होता?’

इथे भाऊ बाकीच्या जाणकारांपेक्षा वेगळे पडतात, आणि याबाबतीत ते शंभर टक्के बरोबर आहेत. त्यांच्या मते गाडीचं वय सालावर नाही, मालावर असतं. वीस लिटरच्या पाण्याच्या कॅन पोचवणारी गाडी वजनाच्या मर्यादेत चालते, पण दर चार घरांनी थांबते. तिची क्लच प्लेट आणि ब्रेक गेलेले, हौद्याचा तळ सांडलेल्या पाण्यानं गंजलेला. भाजीची गाडी पहाटे पळते, ओली असते आणि बाजारभाव पडला की दुप्पट भरते. सिमेंट-गिट्टीवाल्याच्या गाडीकडे भाऊ बघतसुद्धा नाहीत. मंडप-डेकोरेशनची गाडी वर्षातले कित्येक महिने उभी असते, ही जमेची बाजू. पण लग्नसराईत तीच गाडी एका रात्रीत तीन लॉन फिरते आणि दर वेळी ड्रायव्हर वेगळा, तोही झोपेत. डीजेच्या गाडीचं तर विचारूच नका. टपाला भोकं पाडलेली, वायरिंग जोडून जोडून अल्टरनेटर बेजार, आणि बेसच्या धक्क्यानं एकही नट मूळ जागेवर नाही.

भाऊंच्या स्वप्नातली गाडी गादीवाल्याची. हौदा वरपर्यंत भरला तरी वजन काही नाही, पाटे नव्यासारखे. त्याखालोखाल टोस्ट-खारी आणि कुरमुरेवाला. ‘कुरमुरेवाल्याची गाडी मिळाली तं डोये मिटून घे.’ आता हे विक्रेत्यांनाही कळलं आहे. त्यामुळे अलीकडे कामठी रोडच्या यार्डात उभी असलेली प्रत्येक पिकअप आयुष्यभर कुरमुरेच वाहत आली आहे, असं ऐकू येतं. नागपूरकर एवढे कुरमुरे खातात हे आधी कोणाला ठाऊक नव्हतं. भाऊंनी त्यावर उतारा शोधला आहे: ते हौद्याच्या कोपऱ्यातल्या फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उकरतात. सिमेंट निघालं की कुरमुरे खोटे.

नंबर प्लेटवरूनही भाऊ कुंडली मांडतात. एमएच-३१ शहर, एमएच-४९ पूर्व नागपूर, एमएच-४० ग्रामीण; ग्रामीणची गाडी म्हणजे संत्र्याच्या हंगामात शेतातल्या चाकोरीतून भरभरून आलेली. भंडाऱ्याची एमएच-३६ दिसली की त्यांना वैनगंगेची रेती दिसते, चंद्रपूरची एमएच-३४ दिसली की एअर फिल्टरमधली कोळशाची धूळ. मुंबई-रत्नागिरीकडची गाडी खाऱ्या हवेनं खालून पोखरलेली असते, हे खरंच आहे. छिंदवाड्याची एमपी-२८ स्वस्त मिळाली तरी तिकडची एनओसी, इकडचा टॅक्स, नवीन नंबर, हे सगळं धरून हिशोब करा म्हणतात. वर्ध्याची एमएच-३२ तेवढी भाऊंना पसंत. कारण विचारलं तर ‘तिकडचे लोक सरळ’ एवढंच सांगतात. भाऊंची सासुरवाडी सेलूची आहे.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत घुसलं आणि उभ्या गाड्या बुडाल्या. तेव्हापासून भाऊंच्या तपासणीत एक कलम वाढलं. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघायचा, आत वाळलेला चिखल निघतो का. फ्यूज बॉक्स उघडायचा. सीटच्या रुळांना गंज आहे का. आणि मालकाला विचारायचं, त्या रात्री गाडी कुठे होती? त्या रात्री शहरातल्या तमाम विक्रीच्या गाड्या कोराडीच्या देवीला गेल्या होत्या, अशी उत्तरं जमा झाली आहेत.

सीएनजीची गाडी पुढे आली तर भाऊ आधी टाकीच्या हायड्रो टेस्टची तारीख पाहतात, ती दर तीन वर्षांनी करावी लागते. नंतर २०२२ ची गोष्ट काढतात, नागपुरात सीएनजी किलोला १२० रुपयांवर गेला होता. बीएस-६ म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. एप्रिल २०२० नंतरच्या गाडीत सेन्सर आले, बिघाड शोधायला स्कॅनर लागतो आणि ऑइलच्या झाकणाशी हात धरून सगळं काही कळत नाही. ‘गाडी चांगली आहे, पन बोलत नाई,’ ही त्यांची तक्रार.

कागदांच्या वेळी भाऊ विनोद करत नाहीत. मोबाइलवर गाडीची सरकारी नोंद उघडतात. फायनान्सचा बोजा उतरला का, फॉर्म ३५ कुठे आहे, २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या माझ्यासमोर करा, ई-चलान किती थकलेत. मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी करावं लागतं, पर्यावरण कर वेगळा. नऊ वर्षांची गाडी तीस हजारांनी स्वस्त दिसते तिचा हिशोब ते तिथेच बोनेटवर बोटानं मांडतात. इंजिन-चासी नंबर आरसीशी स्वतः जुळवतात. इथे त्यांनी कित्येकांचे लाख-दीड लाख वाचवले असतील.

मग भाव. शेठ पावणेतीन म्हणतो. भाऊ बोलत नाहीत, खर्रा घोटत राहतात. शेठ अडीच म्हणतो. भाऊ पोराला म्हणतात, चाल, पोहे खाऊ. तर्री-पोह्याची प्लेट संपेपर्यंत शेठचा फोन येतो. फी म्हणून भाऊ एक रुपया घेत नाहीत, पोह्याचे पैसे मात्र देऊ देतात. संध्याकाळी शेठकडूनही त्यांना काहीतरी पोचतं, असं सक्करदऱ्याचे दुसरे भाऊ सांगतात. गाडी पुढे बिघडलीच, तर भाऊंचं उत्तर तयार असतं: ‘गाडी लय चांगली होती, तू चालवतो कसा?’

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि भाऊंच्या धंद्यावर सावट आलं. पोरं म्हणू लागली, थोडे टाकून नवीनच घेऊ. भाऊंनी विरोध केला नाही. ‘घे ना, पन एकदा मले दाखव,’ म्हणाले आणि सकाळी सातला शोरूमच्या बंद शटरसमोर जाऊन उभे राहिले. दहाला शटर उघडलं. भाऊंनी सीट उचलून हात टेकवला, पाटे मोजले, सीटचा पट्टा ओढून पाहिला. सेल्समन म्हणाला, ‘काका, गाडी नवीन आहे.’ भाऊंनी टायरचे चार आकडे वाचले, चासीच्या पट्टीवरचा महिना वाचला आणि ही गाडी मागच्या सालची आहे हे त्याला सांगितलं. तो आत साहेबांकडे जाऊन आला. एक ताडपत्री आणि आठ हजार कमी असं ठरलं. पोरगा सही करायला बसला तेव्हा भाऊ मीटरवरच्या ६३ किलोमीटरकडे बोट दाखवून सेल्समनला विचारत होते, कोण चालवत होतं, आणि त्याचा धंदा काय.