पाठीचा डबा

(स्थळ : मुळा धरणाचा फुगवटा, राहुरी तालुका. वेळ : मे महिन्यातली सकाळ, सात. पात्रं : हौशी, गुरुजी आणि चहावाला.)

नगर जिल्हा (कागदावर आता अहिल्यानगर, एसटीच्या कंडक्टरच्या तोंडी अजून नगरच) पाण्याबद्दल बोलतो ते आवर्तनाच्या भाषेत. किती सुटलं, टेलच्या शेतकऱ्याला पोचलं का, जायकवाडीला किती गेलं. त्याच पाण्यावर सुटीच्या दिवशी रबरी होडी टाकायची, एकट्यानं बसायचं आणि पोटासाठी नव्हे तर मजेसाठी गळ टाकायचा, हा प्रकार इथं नवा आहे. नव्या प्रकाराला सल्ला देणारेही लगेच तयार होतात. त्यातले बहुतेक कोणती गरी, कोणतं आमिष यावर बोलतात. मासा मिळाला नाही तर माणूस हात हलवत घरी येतो, हे खरं. पण घरी येतो हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं.

हौशी : गुरुजी, जरा हात लावता? फुगवून झालीय, आता नुसती ढकलायची. दोन माणसांची आहे, म्हणजे एकट्याला ऐसपैस.

गुरुजी : लावतो की. पण हे केशरी काय घेतलंयस बुडाखाली?

हौशी : लाइफ जॅकेट. होडीबरोबर फुकट आलं. बसायला झकास आहे, पँट ओली होत नाही. लागलं की घालीन.

गुरुजी : लागलं की म्हणजे नेमकं कधी, ते आधी ठरवू. जॅकेट लागतं ते तू पाण्यात पडल्यावर. तू पाण्यात आणि जॅकेट होडीत. तुझं ऐंशी किलोचं वजन उतरलं की ही होडी होडी राहत नाही, पतंग होते. वाऱ्यानं जी सुटते ती तुझ्या पोहण्याला काही दाद देत नाही. बरं, समज हाताला लागलंच जॅकेट. पाण्यात उभ्यानं तरंगत, नाकातोंडात पाणी जात असताना त्याचे तीन पट्टे लावायचे. काठावर उभा राहून शर्टाची बटणं वरखाली लावलीयस तू, आणि तिथं बकलं लावणार? सांग, पोहायला कुठं शिकलास?

हौशी : मामाच्या विहिरीत. पाठीला पत्र्याचा डबा बांधून. म्हणून तर म्हणतो, मला उत्तम पोहता येतं.

गुरुजी : छान. डबा पाठीला बांधला होता की विहिरीच्या काठावर ठेवला होता, लागला की घेऊ म्हणून? बघ, हसायला आलं. कुठं डबा, कुठं वाळका भोपळा, कुठं पांगऱ्याचं लाकूड, पण आपल्याकडच्या अडाणी म्हणवणाऱ्या माणसानंही ती वस्तू पोराच्या अंगाला बांधली, दोरीला दोन गाठी मारून. तुझं शहरातलं डोकं तीच वस्तू बुडाखाली घेतं. माझं सगळं म्हणणं एवढ्यातच आहे : एकट्या माणसाच्या बाबतीत जे होडीत आहे ते होडीचं, जे अंगावर आहे तेवढंच त्याचं. दुकटं असताना दुसरा हात देतो, दोरी फेकतो, निदान बोंब मारतो. एकट्याला ती दुसऱ्याची कामं वस्तूंकडून करून घ्यावी लागतात, आणि वस्तू हाक मारली म्हणून येत नाहीत.

चहावाला : आन् पोहता येतंय म्हणणारेच लांब जात्यात, गुरुजी. न येणारा काठालाच चूळ भरतो.

हौशी : पण इथली माणसं? रोज जाळी टाकतात, कुणी थर्माकोलच्या तराफ्यावर, कुणी ट्रकच्या ट्यूबवर. कुणाच्या अंगावर जॅकेट दिसतंय? त्यांना कळत नाही आणि तुम्हाला कळतं? तुम्ही आयुष्यात एकदा तरी गळ टाकलाय?

गुरुजी : नाही टाकला. म्हणून विचार करायला मोकळा वेळ मिळाला. आता तुझ्या प्रश्नातला गोंधळ बघ. रोज दिसतात ते परत आलेले. जे आले नाहीत ते जाळी वाळवताना दिसणार नाहीत, त्यांचा फोटो घरात भिंतीला असतो. शिवाय ही माणसं सहसा जोडीनं जातात, वाऱ्याचा वास आला की निघतात, आणि त्यांना हा तळ पाठ असतो. तरीही जॅकेट नसणं हे त्यांचं ज्ञान नाही, ती त्यांची गरिबी आहे. तू ज्ञान सोडून गरिबी तेवढी उचललीस, तीही हजारोंची होडी घेऊन. आकडे हवेत? अमेरिकेचं तटरक्षक दल हौशी बोटींच्या अपघातांचा हिशोब दर साली छापतं. 2022 मध्ये 636 माणसं गेली. मरणाचं कारण कळलं त्यांतली शंभरी पंचाहत्तर बुडून. आणि त्या बुडालेल्यांपैकी ज्यांचं कळलं, त्यांत शंभरी पंच्याऐंशींच्या अंगावर जॅकेट नव्हतं.

हौशी : हां, इथं मी तुम्हाला धरलं! मुळात जॅकेट घालणारे किती आणि न घालणारे किती, ते कुठं सांगितलंत? शंभरातले पंच्याऐंशी तसेच फिरत असतील, तर बुडणाऱ्यांतही पंच्याऐंशीच निघणार. आणि जो घालतो तो मुळातच जपून वागणारा. वाचला तो स्वभावानं वाचला, जॅकेटनं नाही.

गुरुजी : शाबास. हा आक्षेप मला मान्य आहे, नुसत्या आकड्यानं सिद्ध होत नाही. म्हणून आकडा बाजूला ठेवू आणि वजनकाटा घेऊ. गोड्या पाण्यात माणसाचं शरीर जवळजवळ तरंगतंच, कमी पडतं ते डोकं वर राहण्यापुरतं. मोठ्या माणसाला साधारण तीन ते साडेपाच किलोची वरची उचल मिळाली की नाक पाण्याबाहेर राहतं. म्हणजे साखरेची एक पिशवी. ही उचल जॅकेट देतं, तुझा स्वभाव कसाही असो. तू बेशुद्ध असलास, पायात गोळा आला, डोक्याला वल्हं लागलं, तरी देतं. पोहणं या तिन्ही वेळी देत नाही. मुळेची क्षमता 26 टीएमसी, एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. बुडायला त्यातलं एखादं घनफूट पुरतं.

चहावाला : म्हंजे दीड बादली.

हौशी : पण उकाडा किती! दुपारी चाळीसच्या वर जातं. हे घालून मी पाण्यात नाही, घामात बुडेन.

गुरुजी : मग दुपारी जाऊच नकोस, जॅकेट काढण्यापेक्षा ते सोपं. उन्हात मासाही वर राहत नाही. आणि मे महिन्यात दुपार टाळायचं खरं कारण ऊन नाही, वारा आहे. सकाळी हे पाणी आरशासारखं असतं, त्यावरच माणूस फसतो. दहा-अकरानंतर वारा उठतो, आणि संध्याकाळी वळवाचं काही सांगता येत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे तुझ्या वल्ह्याला ठाऊक नाही. भिंत पूर्वेला, फुगवटा पश्चिमेला पसरलेला, आणि या दिवसांत वारा बहुतेक पश्चिमेचाच. मैलोन्मैल मोकळ्या पाण्यावरून येता येता लाट मोठी होत जाते. तेव्हा जाताना वाऱ्याच्या तोंडावर वल्हवत जायचं आणि येताना वाऱ्याबरोबर यायचं. हौशी माणूस नेमकं उलट करतो. वाऱ्याबरोबर मजेत लांब जातो आणि दमल्यावर त्याला कळतं की परतीचा रस्ता चढाचा आहे. सायकलवाल्यालाही हे कळतं, पण सायकलवरून उतरून ढकलता येतं.

(इथं विनोद जरा थांबवू. 21 मे 2024 च्या संध्याकाळी आपल्या कर्जत तालुक्यालाही लागून असलेल्या उजनीच्या पाण्यात, कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, एक जण पोहत काठाला लागला. दोनच दिवसांनी, 23 मेला, अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला आलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. पोहत काठाला लागलेल्या एकाकडे बोट दाखवून ‘बघा, पोहता येत होतं म्हणून’ असं म्हणता येतं. पण ज्यांचं कामच पाण्यातलं, त्यांनाही पाणी सोडत नाही, हे त्याच आठवड्यानं दाखवलं.)

हौशी : ठीक आहे, घातलं. हे बघा, तिन्ही पट्टे. आता तरी ढकला.

गुरुजी : मोबाइल कुठंय?

हौशी : त्या डब्यात. सुरक्षित. शिट्टी, चाकू, पाणी, भेळ, सगळं एका डब्यात.

गुरुजी : आणि डबा होडीत. म्हणजे जॅकेटपुरतं पटलं, बाकीच्याला नाही. मोबाइल पाणबंद पिशवीत घालून गळ्यात, शिट्टी जॅकेटला, चाकू कमरेला. घसा दोन मिनिटांत बसतो, शिट्टी फुंक संपेपर्यंत वाजते. चाकू कशाला, तर तंगूस पायाला गुंडाळला की तो दातानं तुटत नाही. मोबाइलवरून 112 लावायचा, पण रेंज असेल तर. या खोऱ्यात ती टेकडीमागं दडते. भेळ मात्र डब्यात राहू दे, ती होडीबरोबर गेली तरी चालेल.

चहावाला : भेळेचंबी वाईट वाटंल.

हौशी : आणि नांगर? हा बघा, दगडाला दोरी बांधलीय. मागच्या कडीला अडकवणार, म्हणजे पुढं तोंड करून निवांत बसता येईल.

गुरुजी : मागं कधीच नाही. नांगर मागं बांधला की लाट मागून येते, ढुंगण दोरीनं खाली ओढलेलं, पाणी सरळ आत. नांगर पुढच्या टोकाला, म्हणजे नाक लाटेकडे राहतं. दोरी खोलीच्या पाचपट तरी सोडायची. सरळ खाली टांगलेला दगड धरत नाही, नुसता लोंबकळतो. आणि दोरी एका झटक्यात सुटेल अशी गाठ मार, कारण या पाण्याखाली जुनी झाडं आहेत, बांध आहेत, विहिरींचे कठडे आहेत. दगड तिथं अडकला तर तो निघण्याची वाट बघू नकोस, दोरी काप. दगड पुष्कळ आहेत नगर जिल्ह्यात. काठाला येतानाही जपून ये. शेतकऱ्यांच्या मोटारी आणि केबली पाण्यातच असतात. पाणी उतरेल तशी मोटार पुढं सरकवतात, जोड मात्र जुनेच. केबल वल्ह्यानं उचलून बाजूला करायची नाही, आपण लांबून जायचं.

हौशी : एक विचारू? जरा... खासगी आहे. चार तास पाण्यावर म्हणजे...

गुरुजी : हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि कुठल्याही माहितीपत्रकात नसतो. माणूस पडतो कधी? मासा ओढताना नाही, तेव्हा तो बसलेला असतो आणि सावध असतो. पडतो तो उभा राहून, काठाशी वाकून, दोन्ही हात गुंतवून. शरीराचं वजन वर गेलं, एका कडेला गेलं, आणि धरायला हात नाही. लघुशंका म्हणतात तिला, पण तिच्यात होडी उलटवायची ताकद असते. रुंद तोंडाची बाटली घे, बस, काम कर. लाज कुणाची वाटते? एकटाच आहेस ना?

चहावाला : बाटलीवर खूण करा फकस्त. पान्याच्या बाटलीत घोळ नको.

हौशी : आणि एवढं करूनही पडलोच तर?

गुरुजी : तर परत चढायचं, आणि तेच कुणी शिकत नाही. बाजूनं चढायला गेलास की होडी तुझ्या अंगावर येते. मागून चढायचं. हातांच्या जोरावर ऐंशी किलो वर येत नाहीत, पायाला आधार लागतो. दोरीचा एक फास मागच्या कडीला बांधून गुडघाभर पाण्यात लोंबता ठेव, तीच पायरी. आणि आज गळ टाकायच्या आधी इथंच, कमरेएवढ्या पाण्यात, जॅकेट घालून तीनदा पड आणि तीनदा चढ. लोक हसतील. हसू दे, तेवढे लोक काठावर आहेत हीच चांगली गोष्ट. नंतर एका चिठ्ठीवर लिही : कुठल्या बाजूला जातोय, किती वाजता परत. चिठ्ठी याच्याकडे दे. अकरापर्यंत आला नाहीस तर हा ओरडेल.

हौशी : मग एकटेपणा कुठं राहिला? मी येतो तेच कुणाला न सांगता बसायला. घरी सांगितलं तर जाऊच देणार नाहीत.

गुरुजी : घरी काय सांगायचं ते तुझं तू बघ, त्या पाण्याची खोली मला माहीत नाही. पण चिठ्ठी एकटेपणा मोडत नाही, त्याला वेळ घालून देते. अकरापर्यंत तू एकटा, कुणी विचारणार नाही. अकरानंतर तू हरवलेला. या दोन्हीत फरक करायला काठावर एक घड्याळ लागतं, एवढंच.

(हौशी तीनदा पडतो. पहिल्यांदा होडी त्याच्या अंगावर येते, दुसऱ्यांदा पाय फासात अडकतो, तिसऱ्यांदा तो पोटावर, मरळीसारखा घसरत, आत येतो. काठावरची दोन पोरं टाळ्या वाजवतात.)

हौशी : जमलं! चला, आता रोहू नाहीतर कटला, जो येईल तो. निघतो.

गुरुजी : संस्थेची परवानगी घेतलीस ना?

हौशी : कसली संस्था?

गुरुजी : अरे, धरणातल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. रोहू-कटल्याचं बीज ते पैसे घालून सोडतात. पाणी सरकारचं, मासा त्यांचा, आणि गळ तुझा. तिघांत तुझंच काय ते फुकट.

हौशी : मग आता?

चहावाला : ऑफिस साडेधाला उघडतंय. तवर वारं सुटंल.

गुरुजी : सुटणारच.

चहावाला : दोन कट आणू का तीन?

हौशी : (जॅकेटचे तिन्ही पट्टे तसेच, पाणी निथळत, बाकावर बसत) तीन.